काचेतील निसर्गरूप : ब्लाश्का पिता-पुत्रांच्या कलाकृती

दिवेआगरच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर वाळूत पडलेला जेलीफिश पाहिला असता त्याचे रूप पाण्याबाहेर टिकत नाही, हे ध्यानात येते. प्रयोगशाळेतील फॉर्मॅलिनच्या बरणीतही त्याचा रंग व डौल हरपतो. असे रूप काचेत साकारण्याचे श्रेय ब्लाश्का पिता-पुत्रांना जाते.

लिओपोल्ड ब्लाश्का (१८२२–१८९५) यांनी १८५३ मधील अमेरिकेच्या प्रवासात, वाऱ्याअभावी जहाज थांबले असता, असे सागरी जीव पाहून रेखाटले. पुढे ड्रेस्डेनजवळ पुत्र रुडॉल्फ (१८५७–१९३९) यांच्यासह ज्योतीवर काच मऊ करून त्यांनी सागरी प्राण्यांच्या प्रतिकृती घडविल्या. १८८७ ते १९३६ या काळात हार्वर्ड विद्यापीठासाठी सुमारे ४,३०० वनस्पती-प्रतिकृतीही तयार झाल्या.

हे निव्वळ अनुकरण आहे, असा आक्षेप घेता येतो. फ्रेंच कलावंत एमिल गाले (१८४६–१९०४) यांच्या काचपात्रांत निसर्ग प्रतीकरूपाने येतो. ब्लाश्कांकडे तो जसाच्या तसा येतो. तथापि या आक्षेपात माध्यमाचा विचार होत नाही. तापलेली काच वाहते आणि निवताना त्या प्रवाहाचा आकार धरून ठेवते. जेलीफिशचा आकारही पाण्याच्या आधारानेच सिद्ध होतो. येथे रूप आणि माध्यम एकजीव होतात. पाना-फुलांत मात्र काचेला आपली पारदर्शकता रंगाखाली झाकावी लागते. त्यामुळे कलादृष्ट्या सागरी प्रतिकृतीच सरस ठरतात. हस्तनिर्मित काचकलेचे मूल्यमापन हुबेहूबपणापेक्षा या एकजीवतेच्या निकषावर होणे अधिक न्याय्य ठरेल.