'निर्दोष', 'दोषमुक्त' आणि 'आरोपमुक्त' : एक अर्थविचार

एखाद्या व्यक्तीवरील ठपका दूर झाला हे सांगण्यासाठी मराठीत 'निर्दोष', 'दोषमुक्त' व 'आरोपमुक्त' हे शब्द रूढ आहेत. वृत्तपत्रीय लेखनात ते बहुधा समानार्थी मानले जातात. तथापि या शब्दांची घडण आणि त्यांचा कायदेशीर वापर पाहता हे समीकरण मान्य करता येत नाही.

'निर्दोष' या शब्दातील 'निर्' हा उपसर्ग अभाव दर्शवितो. दोष नव्हताच, असे तो सांगतो. 'मुक्त' या पदाची प्रकृती वेगळी आहे. कर्जमुक्त तो, ज्याच्यावर कर्ज होते. व्यसनमुक्त तो, ज्याला व्यसन होते. या न्यायाने 'दोषमुक्त' म्हणजे पूर्वी दोषी असलेला, असा ध्वनी निघतो. ज्या शब्दाने कलंक पुसावयाचा, तोच शब्द कलंकाची आठवण ठेवतो. 'आरोपमुक्त' या शब्दात ही अडचण नाही, कारण आरोप खरोखरच झालेला असतो.

व्यवहारात हा घोटाळा अधिक वाढतो. हिंदी विधिभाषेत खटल्याअंती होणाऱ्या सुटकेस 'दोषमुक्ति' म्हणतात आणि आरोप निश्चित होण्यापूर्वीच्या सुटकेस 'उन्मोचन'. मराठी वृत्तपत्रांत मात्र या दुसऱ्या अवस्थेतील अर्जालाच 'दोषमुक्तीचा अर्ज' म्हटले जाते. हा भेद केवळ शाब्दिक नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 च्या कलम 300 नुसार निर्दोष सुटलेल्या व्यक्तीवर त्याच अपराधासाठी सर्वसाधारणपणे पुन्हा खटला चालविता येत नसे. परंतु आरोप निश्चितीपूर्वीची सुटका म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगत होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 337 मध्ये हीच तरतूद आहे.

'सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता' या प्रयोगाचाही येथे विचार करणे आवश्यक आहे. तमिळनाडूतील एका पोलीस कर्मचाऱ्याच्या बडतर्फीसंबंधी 2012 साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की, हा शब्दप्रयोग संहितेत वा दंडविधानात आढळत नाही. तो न्यायनिर्णयांतून घडला आहे. पुराव्याचा पूर्ण विचार होऊन आरोप सिद्ध करण्यात अभियोग पक्ष सर्वस्वी अपयशी ठरला, तरच सुटकेस 'सन्मानपूर्वक' म्हणता येईल, असा त्याचा आशय. साक्षीदार उलटल्याने झालेली सुटका नोकरीवर परतण्याचा हक्क आपोआप देत नाही. म्हणजेच एका विशेषणावर माणसाची उपजीविका अवलंबून राहू शकते.

'क्लीन चिट' या शब्दाने तर सर्वच भेद पुसून टाकले आहेत. इंग्रजीतील 'चिट' मूळची आपल्याकडील 'चिठ्ठी'च. परंतु परत आलेली ही चिठ्ठी कोणी दिली, हे सांगत नाही. पोलीस तपास, विभागीय चौकशी, चौकशी आयोग आणि न्यायालय यांचे अधिकार भिन्न असताना चौघांचेही निष्कर्ष एकाच शब्दात बसविले जातात. त्यामुळे अपुऱ्या चौकशीलाही निकालाची प्रतिष्ठा लाभते आणि खरोखर निरपराध ठरलेल्याच्या सुटकेवर संशय उरतो.

सारांश, आरोप निश्चितीपूर्वीच्या सुटकेस 'आरोपमुक्त', खटल्याअंतीच्या सुटकेस 'निर्दोष मुक्तता' असे म्हणावे, आणि चौकशीबाबत 'चौकशीत आरोप सिद्ध झाला नाही' असे स्पष्ट लिहावे. महाविद्यालयीन चौकशी समित्यांचे अहवाल लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी तरी हा विवेक पाळणे अगत्याचे आहे. कारण अशा अहवालातील एक शब्द संबंधित व्यक्तीच्या सेवापुस्तकात कायमचा राहू शकतो.