निद्राजनक पेप्टाइड : नाव आणि प्रमाण

पदार्थाला त्याच्या गुणावरून नाव द्यावे, ही रसायनशास्त्रातील जुनी रूढी होय. परंतु गुण सिद्ध होण्यापूर्वीच नाव पडले, म्हणजे पुढील संशोधकांना पदार्थापेक्षा नावाशीच अधिक झगडावे लागते. 'डेल्टा-निद्राजनक पेप्टाइड' या नऊ ॲमिनो अम्लांच्या लहानशा साखळीचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत तिसरी पाळी करून सकाळी झोपू पाहणाऱ्या कामगारास अशा नावाचे आकर्षण वाटले तर नवल नाही; म्हणूनच ही तपासणी केवळ पंडिती ठरत नाही.

झोप आणणारे द्रव्य शरीरातच साठत असावे, ही कल्पना जुनी आहे. जपानात इशिमोरी यांनी १९०९ साली व त्यानंतर लवकरच पॅरिसमध्ये लझांद्र आणि पिएराँ यांनी जागे ठेवलेल्या कुत्र्यांवर प्रयोग करून तिला पहिला आधार दिला. बाझल येथील मोनिए व शोनेनबर्गर यांनी तीच वाट पुढे नेली. सशाच्या थॅलॅमसला मंद गतीचे विद्युत्-स्पंद देऊन त्याला निजवावयाचे, त्याच्या मेंदूकडून येणाऱ्या नीलेतील रक्त गाळावयाचे आणि तो अंश दुसऱ्या सशाच्या मेंदूतील पोकळीत सोडावयाचा, अशी त्यांची रीत होती. दुसऱ्या सशाच्या मेंदूच्या विद्युत्-आलेखात गाढ झोपेच्या संथ डेल्टा लहरी वाढल्या. १९७७ साली या द्रव्याची रचना प्रसिद्ध झाली आणि नावही रूढ झाले.

प्रयोग कुशल होता, यात संशय नाही. परंतु जो पेप्टाइड शरीर स्वतः घडविते, त्याचे जनुक असावे लागते, ज्या मोठ्या प्रथिनातून तो कापला जातो ते प्रथिन असावे लागते, आणि त्याला ओळखणारा ग्राही असावा लागतो. या तिहींपैकी एकही सापडल्याचे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. २००६ साली कोवाल्झोन व स्ट्रेकालोवा यांनी घेतलेल्या परामर्शात या पेप्टाइडाला न सुटलेले कोडे म्हटले आहे, ते याच कारणाने. त्यांच्या लेखातील एक गोष्ट तर विशेष बोलकी आहे : सशांत व उंदरांत संथ लहरींची झोप वाढविली ती या पेप्टाइडाच्या काही कृत्रिम सदृश रूपांनी, मूळ पेप्टाइडाने नव्हे! 'निद्राजनक' हे विशेषण मग नेमके कोणाचे?

औषधी उपयोगांचीही कथा फारशी निराळी नाही. १९८४ साली मद्य व अफूजन्य द्रव्ये सोडणाऱ्या शंभराहून अधिक रुग्णांना हा पेप्टाइड शिरेतून दिला गेला, आणि बहुतेकांची पीडा शमल्याचे प्रसिद्ध झाले. मात्र औषध न मिळालेला गट तुलनेस नसता अशा यशाचे मोल ठरविणे कठीण. पुढे, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट निद्रानाशाच्या १६ रुग्णांची परीक्षा झाली. तीत कुपीत काय आहे हे देणारा व घेणारा दोघेही जाणत नव्हते. परिणाम दुर्बळ आढळला व अल्पकालीन उपचारापासून मोठा लाभ संभवत नाही, असा निर्णय संशोधकांनीच दिला.

येथे पिंपरीचेच एक उदाहरण आठवावे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवास 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे गावाचे नाव मिळाले. द्रव्य कोण निर्माण करतो हे तेथे ठाऊक होते, आणि बुरशीची वाढ थांबते की नाही हे काचेच्या बशीत डोळ्यांनी पाहता येत होते. झोपेचे मोजमाप इतके सोपे नाही, हे मान्य. तथापि उगमाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

आता पाळीच्या कामगाराचे पाहावे. रात्रपाळीनंतरची दिवसाची झोप सामान्यतः दोन ते चार तासांनी तोकडी पडते. परंतु अशा तुटपुंज्या झोपेतही गाढ, संथ लहरींचा भाग बहुतांशी टिकून राहतो. कपात होते ती हलक्या झोपेची आणि स्वप्नावस्थेची. म्हणजे हा पेप्टाइड नावाप्रमाणे वागला असे क्षणभर गृहीत धरले, तरी तो कामगाराला नेमके तेच देणार, जे त्याने फारसे गमावलेलेच नाही. त्याची अडचण अशी की शरीरातील घड्याळ सकाळी त्याला उठविते. शिवाय उन्हाचा, रहदारीचा व घरातल्या मुलाबाळांचा उपद्रव वेगळाच.

उगम शोधण्याचा आग्रह केवळ शास्त्रीय शिष्टाचार नव्हे, हे ओरेक्सिनच्या इतिहासावरून दिसते. हे जागृती राखणारे पेप्टाइड १९९८ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधले. त्यांचे जनुक, पूर्वप्रथिन व दोन ग्राही यांचाही निश्चय झाला. आणि त्या ग्राहींना अडविणारे सुव्होरेक्सांट हे औषध २०१४ साली अमेरिकेत निद्रानाशासाठी संमत झाले. झोपविणाऱ्या पेप्टाइडाचा माग काढता काढता जे हाती आले नाही, ते जागविणाऱ्या पेप्टाइडाने दिले. तथापि तेही निद्रानाशासाठीच संमत झाले आहे. खिडकीला चादर लावून सकाळी आठ वाजता अंथरुणावर पडणाऱ्या चाकणच्या कामगाराच्या संदर्भात त्याची परीक्षा स्वतंत्रपणेच व्हावयास हवी.