पाहुणा कोण, यजमान कोण?

रॅप म्हणजे निव्वळ गलका, अशी आपल्या धर्मग्रामांतील बऱ्याच वडीलधाऱ्यांची समजूत आहे. तरुणांना मात्र तोच या काळाचा खरा आवाज वाटतो. दोन्ही मते गाणे ऐकण्यापूर्वीच ठरलेली असतात. तेव्हा एकच गाणे समोर ठेवून त्याचा विचार करणे अधिक न्याय्य होईल.

'सिटी स्लम्स' हे गीत २०१७ साली प्रसिद्ध झाले. गायिका राजा कुमारी ही कॅलिफोर्नियात जन्मलेली, तेलुगू कुटुंबातली आणि शास्त्रीय नृत्याच्या तालमीत वाढलेली. तिच्या गीतात पाहुणा म्हणून आला आहे डिव्हाइन, म्हणजे अंधेरीच्या जे. बी. नगर परिसरात वाढलेला विवियन फर्नांडिस. तो ख्रिस्ती घरातला. आई कामासाठी परदेशी गेल्यामुळे त्याला आजीने वाढवले, हे आता सर्वश्रुत आहे. पुढे २०१९ साली झोया अख्तर यांच्या 'गली बॉय' या चित्रपटाने त्याच्या व नेझीच्या आयुष्यातून प्रेरणा घेतली.

गीताची रचना साधी आहे. गायिका इंग्रजीत वस्तीचा अभिमान उच्चारते, ध्रुवपद तिचेच. डिव्हाइन हिंदीत, मुंबईच्या रस्त्यावरच्या बोलीत त्याला उत्तर देतो. गीतावर नाव तिचे आणि तो पाहुणा. परंतु ज्या वस्तीविषयी हे गाणे आहे, तिथला रहिवासी तो आहे. ती दुरून आलेली. लूककृत शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य एका अनोळखी प्रवाशाला घरी बोलावतात. भोजनाला बसल्यावर तोच भाकर घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो आणि त्यांना देतो. पाहुणा यजमान होतो आणि त्याच क्षणी त्यांचे डोळे उघडतात. या उपमेला मर्यादा आहे, हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते, की डिव्हाइनचे कडवे सुरू होताच या गाण्यात असेच काही घडते. तोवर 'वस्ती' हा एक शब्द असतो. त्याच्या तोंडी तिला पत्ता मिळतो.

हेच या गीताचे बळ आहे आणि त्याची उणीवही. परक्या माणसाने दुसऱ्यांच्या जगण्याविषयी गाऊ नये, असे आपण म्हणू शकत नाही. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांचे १६१६ सालचे 'क्रिस्तपुराण' ही आपली ठेव आहे. पण स्टीफन्स यांनी इथली भाषा शिकून घेतली, इथला ओवी छंद पत्करला आणि मगच ते बोलले. राजा कुमारी लय इथली घेते, भाषा मात्र पाहुण्याकडून उसनी आणते. त्यामुळे तिचा आवाज कितीही दमदार असला, तरी तो वस्तीच्या उंबरठ्यावरच थांबतो.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. गीताचा सूर आव्हानाचा आहे. गल्ली त्यात गरजते. पण त्या गल्लीमागचे घर, आणि ते घर चालवणारी बाई, आपल्याला भेटत नाही. डिव्हाइनला घडवणाऱ्या दोन स्त्रिया, परदेशी राबणारी आई आणि नातवाला सांभाळणारी आजी, गाण्याबाहेरच राहतात. इथे आपल्याच परिसराची आठवण होते. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत शिरूर तालुक्यातल्या बायांच्याही ओव्या आहेत. जात्याच्या फेऱ्यावर बांधलेले ते शब्द भावाला, आईला, लेकीला हाक मारतात. तिथे गाणारी बाई कुणाची पाहुणी नाही. दुःख तिचे, भाषा तिची आणि तालही तिच्या हातांचा. 'सिटी स्लम्स'मध्ये स्त्रीचा आवाज आहे, पण वस्तीतल्या स्त्रीचा नाही.

तरीही हे गीत ऐकावे. दौंडला रेल्वेच्या नोकरीसाठी आलेली गोव्याची व अँग्लो-इंडियन कुटुंबे एके काळी पाहुणीच होती. आज रांजणगावच्या कारखान्यांसाठी शिरूरकडे येणारी मुलेही पाहुणीच आहेत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणाला आपल्या पत्त्याची लाज वाटू नये, एवढे काम हे गाणे निश्चित करते. ते लहान काम नव्हे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, देवळात तबला-पेटी वाजू लागली, तेव्हाही हे आपले नव्हे असे म्हणणारे होतेच. आज त्याच पेटीवाचून आपल्याला करमत नाही. म्हणून रॅप देवळात यावा की नाही, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. आपल्या मुलामुलींनी तो मराठीत लिहावा आणि त्यात आपल्या आजीचे नाव घ्यावे, एवढी अपेक्षा मात्र आपण जरूर बाळगू. तसे घडले, तर त्या गाण्याला पाहुणा बोलावण्याची गरज उरणार नाही.