बॅकअप कुणाचा? एका अहवालाचं वाचन

समीक्षा म्हटली की कादंबरी किंवा नाटक डोळ्यांसमोर येतं. आज आम्ही समीक्षेला घेतला आहे एक अपघाताचा अहवाल. प्रोग्रामर लोकांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीने तो फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. आमच्या व्यवसायातलं ते फार प्रामाणिक लेखन आहे. तरीही ते जिथे थांबतं तिथे थांबायला नको होतं, अशी आमची तक्रार आहे.

आधी घटना बघू. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. डेटाबेसचे दोन सर्व्हर होते : एक मुख्य आणि दुसरा त्याची सतत प्रत ठेवणारा. ताण वाढला आणि दुसरा मागे पडला. तो नव्याने भरायचा तर त्यातली जुनी डिरेक्टरी काढून टाकावी, असं एका अभियंत्याने ठरवलं. कमांड दिली, आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण मुख्य सर्व्हरवरच आहोत! थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबींपैकी साडेचार जीबी उरले होते.

अशा वेळी कोणीही म्हणेल, बॅकअप आहे ना? बघायला गेले तर बॅकअपची जागा रिकामी. डेटाबेस होता पोस्टग्रेस ९.६, आणि प्रत काढणारा प्रोग्राम चालत होता ९.२ चा. तो चूक दाखवून बंद पडायचा. तशी ईमेल निघायची, पण पाठवणाऱ्याची खातरजमा होत नाही म्हणून तीही नाकारली जायची. क्लाउडमधल्या डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय! शेवटी कामी आली ती सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेली प्रत. कोड वाचला, पण त्या सहा तासांत सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती यांना फटका बसला.

आता लेखनाकडे वळू. दुरुस्ती चालू असतानाच कंपनीने आपली कच्ची टिपणं लोकांसमोर उघडी ठेवली, काम यूट्यूबवर थेट दाखवलं. नंतरच्या अहवालात चूक करणाऱ्याला फाशी दिलेली नाही. हे सोपं नसतं. बहुतेक ठिकाणी 'तांत्रिक अडचणीमुळे' एवढ्या दोन शब्दांत सगळं गुंडाळतात.

मग तक्रार कशाची? अहवाल 'पाच वेळा का विचारा' ही टोयोटामुळे प्रसिद्ध झालेली पद्धत वापरतो. डिरेक्टरी का उडवली? कारण प्रत ठेवणं थांबलं होतं. ते का थांबलं? ताण वाढला म्हणून. ताण का वाढला? स्पॅम आला, आणि एका कर्मचाऱ्याचं खातं काढून टाकण्याचं काम चालू झालं. ते का? कुणा खोडसाळाने त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती! बघा, प्रत्येक उत्तर खरं आहे. पण साखळी खोडसाळापर्यंत पोचली आणि त्या थकलेल्या माणसाला वळसा घालून गेली. कच्च्या टिपणात स्पष्ट नोंद आहे की रात्रीचे अकराच्या सुमारास तो काम संपवून निघणार होता, अडचण आली म्हणून थांबला. या ओळीपाशी मात्र 'का' विचारलेलं नाही.

दुसरी साखळी बॅकअपची. बॅकअप परत भरून बघण्याची चाचणी का होत नव्हती? कारण ती कुणाचीच जबाबदारी नव्हती. अहवालातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य. उपाय म्हणून जबाबदार माणूस नेमायचं आणि चाचणी आपोआप चालवायची असं ठरलं. दोन्ही योग्यच. पण ती खुर्ची इतके दिवस रिकामी आहे हे कुणाला का दिसलं नाही, हा सहावा 'का' तसाच राहिला.

आमचं उत्तर असं : नवी सुविधा तयार केली की टाळ्या मिळतात. बॅकअप नीट चालला तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याबद्दल पगारवाढ कोण देतो? म्हणून हे काम सगळ्यांचं असतं, म्हणजेच कुणाचंच नसतं. नुसतं नाव लिहून हे बदलत नाही. त्या माणसाच्या आठवड्यात त्यासाठी वेळ राखावा लागतो.

हा किस्सा आपण हसत-हसत एकमेकांना सांगतो. पण त्या रात्री गेलेल्या प्रतिक्रिया कुणीतरी विचार करून लिहिलेल्या होत्या, आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं. आपल्याकडेही अशी दुसऱ्यांची मेहनत ठेवायला दिलेली असते. तेव्हा या आठवड्यात एक करा : आपला कालचा बॅकअप एका कोऱ्या मशीनवर भरून बघा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा. आणि हे काम कुणी करायचं, असं विचारल्यावर खोलीत शांतता पसरली, तर तुमचा अहवाल तिथूनच सुरू होतो असं समजा.