वळणावरील पेव्हर यंत्रांचे स्टिअरिंग नियंत्रण : ‘शून्य त्रुटी’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

स्थिर साच्यांशिवाय काँक्रीटचा रस्ता टाकणारे स्लिपफॉर्म पेव्हर अमेरिकेतील आयोवा राज्यात विकसित झाले आणि १९४९ मध्ये तेथे प्रत्यक्ष रस्त्यावर वापरले गेले. या पद्धतीत साचा यंत्राबरोबरच पुढे सरकतो व मागे ओली कड आधाराविना उभी राहते. यंत्र ज्या मार्गाने गेले तोच रस्त्याचा आकार ठरतो. मोटारचालकाची वळणावरील चूक पुढच्या क्षणी सावरता येते; पेव्हरची चूक मात्र काँक्रीटमध्ये कायम राहते. असे असूनही पेव्हरचे स्टिअरिंग हा ‘वाहनाने आखलेल्या मार्गावर चालण्याचा’ प्रश्न आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीतक सरळ मार्गावर चालते. वळणावर ते कोठे अपुरे पडते, याचा विचार येथे केला आहे.

तार, जीवा आणि कंस

पारंपरिक पद्धतीत रस्त्याच्या कडेला खुंट्यांवर ताणलेली तार हा संदर्भ असतो. यंत्राच्या पुढील व मागील बाजूस बसविलेले संवेदक या तारेला स्पर्श करतात आणि विचलन आढळताच क्रॉलर पट्टे वळविले जातात. परंतु ताणलेली तार दोन खुंट्यांमध्ये सरळच राहते. ती कंस नसून जीवा असते. जीवेची लांबी ल व त्रिज्या त्र असल्यास मध्यावर जीवा आणि कंस यांतील अंतर सुमारे ल²/८त्र इतके येते. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर खुंट्या ८ मीटर अंतरावर ठेवल्या तर हे अंतर ८ सेंटिमीटर होते. ३ मीटरवर ठेवल्यास ते जेमतेम १.१ सेंटिमीटर उरते. वळणावर खुंट्या जवळ घेण्याच्या प्रथेमागील कारण हेच होय.

याहून महत्त्वाची बाब संवेदकांच्या परस्पर अंतराची आहे. दोन संवेदक ६ मीटर अंतरावर असून वळणाची त्रिज्या ५० मीटर असेल, तर दोन्ही संवेदक कंसावर तंतोतंत असतानाही त्यांचा मध्यबिंदू कंसाच्या ९ सेंटिमीटर आत, म्हणजे वळणाच्या केंद्राकडे, राहतो. नियंत्रकाच्या दृष्टीने त्रुटी शून्य असते. कड मात्र चुकलेली असते. शिवाय वरील दोन्ही विचलने एकाच दिशेची असल्याने ती परस्परांना छेद देत नाहीत. अनुभवी चालक वळणाच्या प्रारंभी संवेदकाची जागा सरकवून ही उणीव भरून काढतो. अर्थात जे गणित नियंत्रण प्रणालीत अंतर्भूत असावयास हवे, ते चालकाच्या अनुभवावर सोपविलेले असते.

काळ की अंतर?

नियंत्रणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्रुटीचा विचार काळाच्या संदर्भात होतो. पेव्हरची गती मात्र मिनिटाला एक-दोन मीटर इतकी अल्प असते आणि काँक्रीटची गाडी येईपर्यंत ते थांबूनही राहते. उभ्या यंत्राचे पट्टे कितीही वळविले तरी कड तसूभरही हलत नाही. अशा वेळी त्रुटीची कालसापेक्ष बेरीज चालूच राहिली, तर यंत्र पुन्हा सुरू होताच अनावश्यक झटका बसतो. म्हणून येथे दुरुस्तीचे परिमाण सेकंद नव्हे, तर कापलेले अंतर असणे अधिक सयुक्तिक ठरते.

सरळ रेषा वर्तुळकंसाला थेट जोडली असता वक्रता एका बिंदूवर एकदम बदलते. कोणतेही यंत्र इतका आकस्मिक बदल पाळू शकत नाही. संक्रमण वक्रात वक्रता क्रमाक्रमाने वाढते. म्हणजेच स्टिअरिंगच्या काही अडचणींचे मूळ यंत्रात नसून रस्त्याच्या आखणीत असते.

डांबरी पेव्हरमध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. त्याचा तरंगता स्क्रीड ओढबिंदूच्या उंचीतील बदलाला संथपणे प्रतिसाद देतो; पूर्ण परिणाम दिसण्यास ओढभुजेच्या सुमारे पाच लांबींइतके अंतर लागते. वळणाच्या प्रवेशाशी दिशा आणि आडवा उतार दोन्ही एकाच वेळी बदलत असल्याने केवळ दिशेचे नियंत्रण अचूक असून भागत नाही. त्यातच ५० मीटर मध्य-त्रिज्येच्या वळणावर ३.५ मीटर रुंदीच्या पट्ट्याची बाहेरील कड आतील कडेपेक्षा सुमारे ७ टक्के लांब असते. मालाचा पुरवठाही त्याच प्रमाणात विषम असावा लागतो.

तारविरहित प्रणालीचा दावा

टोटल स्टेशन व उपग्रहाधारित स्थाननिश्चिती यांमुळे तार अनावश्यक झाली, असे सांगितले जाते. हा दावा अंशतः ग्राह्य आहे. अंकीय आराखड्यात कंस हा कंसच असतो; खुंट्यांमुळे येणारी चूक तेथे उरत नाही, ट्रकांना वाटही मोकळी मिळते. तथापि उपग्रहाधारित मापनात उंचीची अचूकता आडव्या अचूकतेपेक्षा कमी असते. म्हणून उंचीसाठी टोटल स्टेशनचा आधार घ्यावा लागतो. शिवाय आराखड्यातील चूक यंत्र निमूटपणे रस्त्यावर उतरविते. ताणलेल्या तारेवरून नजर टाकून वळणाचा दोष ओळखणारा मुकादम या प्रणालीत राहत नाही. त्याची जागा घेणारी स्वतंत्र पडताळणी आवश्यक ठरते.

समारोप

यावरून असे म्हणता येईल की, पेव्हरच्या स्टिअरिंगचे मूल्यमापन संवेदकाच्या वाचनावरून नव्हे, तर तयार झालेल्या कडेच्या मोजणीवरून व्हावयास हवे. नियंत्रकाने ज्याला शून्य म्हटले ते रस्त्यावर शून्य असतेच असे नाही. अभियांत्रिकी अभ्यासक्रमात महामार्ग-आखणी स्थापत्य शाखेकडे व नियंत्रणशास्त्र अन्य शाखांकडे, अशी विभागणी रूढ आहे. वळणावरील कड या दोहोंच्या सीमारेषेवर येते आणि म्हणूनच दोन्हीकडून दुर्लक्षित राहते. जीवा आणि कंस यांतील फरक शालेय भूमितीचा आहे. तो कोणत्या विषयात शिकवावयाचा, हा प्रश्न मात्र महाविद्यालयांनी सोडवावयाचा आहे.