मल्लप्रवेशाचे संगीत

संगीत नाटकात पात्र रंगमंचावर येण्यापूर्वी ऑर्गनवर जे चार स्वर उठत, त्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मल्ल आखाड्यात उतरतो त्या वेळी जे वाजते, त्याविषयी मात्र कोणा टीकाकाराने लेखणी उचललेली आमच्या पाहण्यात नाही. कुस्ती हा क्रीडापृष्ठाचा विषय आणि वाद्य हा संगीतपृष्ठाचा, अशी वाटणी एकदा झाली की मधल्या वस्तूला वाली उरत नाही. आणि तरीही कोल्हापुरात खासबागेचे कुस्तीमैदान आणि संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ही दोन्ही स्थाने राजर्षी शाहू महाराजांनी एकमेकांना खेटून उभी केली. मैदान १९१२ मधले आणि नाट्यगृह, त्या काळचे पॅलेस थिएटर, १९१५ च्या सुमाराचे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह आगीत सापडले तेव्हा मैदानाच्या बाजूलाही झळ पोहोचली. शेजारधर्म इतका जवळचा असताना एकीकडच्या प्रवेशसंगीताचे रसग्रहण व्हावे आणि दुसरीकडचे होऊ नये, हे न्याय्य नव्हे.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते कलकत्त्यातील मराठी घरांतल्या मुलांमुळे, हे सांगून टाकलेले बरे. ही मुले अमेरिकन व्यावसायिक कुस्तीतील प्रत्येक मल्लाची आगमनाची धून पहिल्या दोन ठोक्यांवरून ओळखतात, आणि त्यांतली उत्तम कोणती, टाकाऊ कोणती, यावर तावातावाने भांडतात. त्या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो हे त्यांनाही ठाऊक असते. वाद असतो तो संगीताचा. मुले ज्या गोष्टीवर इतक्या गांभीर्याने वाद घालतात तिच्याकडे वडिलांनी तुच्छतेने पाहू नये, असे आम्हांस वाटले.

अमेरिकेत या प्रथेचे श्रेय बहुतेक जण ‘गॉर्जस जॉर्ज’ या मल्लाला देतात. १९४० ते १९५० च्या दशकांत हा गृहस्थ केस कुरळे करून, झुळझुळीत झगा पांघरून, सेवकाकडून अत्तर फवारून घेत रिंगणाकडे येई आणि त्या वेळी एल्गार या इंग्रज संगीतकाराची १९०१ मधली प्रसिद्ध संचलनधून वाजे. या निवडीतली खोच ध्यानात घेण्याजोगी आहे. इंग्लंडात त्या धुनेला राष्ट्रगौरवाचा वास. अमेरिकेत तीच धून महाविद्यालयांच्या पदवीदान समारंभात वाजते. म्हणजे प्रेक्षकांपैकी प्रत्येकाने ती कोठेतरी सभ्यपणे, उभे राहून ऐकलेली. तिच्यावर हा नटवा डुलत येऊ लागला की लोक चिडत, आणि लोकांनी चिडावे हाच तर हेतू! उसन्या संगीताचा इतका चतुर उपयोग पुढे फारसा कोणी केलेला नाही. रँडी सॅव्हेज या मल्लाने पुढे तीच धून वापरली. पण त्याच्या येण्यात तो उपहास पातळ झाला होता. रिक फ्लेअरने रिचर्ड स्ट्राउसची १८९६ मधली रचना घेतली. तीत सूर्योदयाची भव्यता आहे खरी, परंतु १९६८ च्या अंतराळविषयक चित्रपटाने तिला एवढे सर्वपरिचित करून ठेवले होते की, मल्लाच्या आधी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे ग्रहगोलच यावेत. भारी पोशाखाने माणूस झाकला जावा, तसा हा प्रकार.

‘अंडरटेकर’ याची धून आम्ही श्रेष्ठ मानतो. १९९० मध्ये हा मल्ल प्रथम आला तो प्रेतयात्रेच्या संथ लयीवर. तीत शोपँच्या सुप्रसिद्ध शोकसंचलनाचे स्वर गुंफलेले होते. पुढे तिच्यात घंटेचा एक टोला आला. दिवे मालवतात, टोला पडतो, आणि काही क्षण काहीच होत नाही. हे ‘काहीच न होणे’ हीच त्या रचनेची थोरवी. इतर सारे संगीत मल्लाला पुढे ढकलते. हे त्याला थांबवून धरते, आणि प्रेक्षागृह श्वास रोखून बसते. स्टीव्ह ऑस्टिनच्या आगमनाला काच खळ्कन फुटल्याचा जो नुसता आवाज होई, तोही आम्ही याच पंक्तीला बसवू. पुढची धून साधारण आहे. पण तो आवाज नाटकाच्या तिसऱ्या घंटेइतका प्रामाणिक आहे.

उलट हल्क होगनची कीर्ती मोठी असली तरी त्याची धून आमच्या लेखी हीनच. आधी त्याने १९८२ च्या एका मुष्टियुद्धपटातले गाणे वापरले. तो त्या चित्रपटात होता, तेव्हा तेवढे क्षम्य. नंतर जे देशभक्तीचे गाणे त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले, ते १९८५ मध्ये मुळी दुसऱ्याच एका जोडीसाठी केलेले होते. ते याच्या अंगावर चढवले तरी कोठे तंग झाले नाही की ढिले पडले नाही. यातच त्याचा दोष उघड होतो. जे कोणालाही बसते ते कोणाचेच नसते. आपला ‘ग्रेट खली’ २००७ मध्ये त्यांच्याकडे जगज्जेता झाला. त्याच्यासाठी त्यांनी जी धून निवडली ती भांगड्याच्या ठेक्यावरची, आणि नावही पाच नद्यांच्या भूमीचे. माणूस हिमाचल प्रदेशातला, सिरमौर जिल्ह्यातला! परक्यांच्या कानाला सारा हिंदुस्थान एकाच ढोलावर नाचतो. बदली होऊन परप्रांतात आलेल्या आपल्यासारख्यांना या चुकीचे नवल वाटू नये. आपणा सर्वांना येथे ‘बॉम्बेचे लोक’ म्हणतातच की.

आता घरच्या आखाड्याकडे वळू. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडच्या जत्रेतील मैदानाला हलगी नसेल तर मैदान भरले असे कोणी म्हणणार नाही. वाद्य अगदी साधे: एक कडे, त्यावर ताणून बसवलेले कातडे, एका हातात जाडसर काठी आणि दुसऱ्या हातात बारीक. वाजवण्यापूर्वी जाळावर धरून कातडे तापवतात, म्हणजे ते ताणले जाऊन आवाज कडक निघतो. उतरला की पुन्हा तापवायचे. सोबतीला घुमके खालचा नाद धरते आणि कैताळ वरची झिलई देते. बंद सभागृहात हे वाद्य कानाला सोसवत नाही. उघड्या माळावर, हजारो माणसांच्या कोलाहलात, तेच नेमके हवे ते करते.

काय करते ते नीट पाहिले पाहिजे. पंच जोडीतील दोघांचे हात धरून त्यांना मैदानाभोवती फिरवतात. लोक दंड, मान, मांड्या निरखतात, बरोबरीची जोड आहे की नाही यावर आपसांत निवाडे देतात. या फेरीत हलगी चालीची असते, पावलाला पाऊल देणारी. मग मल्ल तांबडी माती कपाळाला लावतो, शड्डू ठोकतो, आणि येथे एक चमत्कार घडतो. शड्डूचा आवाज आणि हलगीचा आवाज ही दोन्ही कातड्यावरच्या थापेचीच अपत्ये! एक मेलेल्या, दुसरी जिवंत. चांगला हलगीवाला शड्डूसाठी जागा सोडतो. ती थाप त्याच्या ठेक्यात मात्रेवर येऊन बसते. सलामी झडते, हात हाताला भिडतात, आणि ज्या क्षणी अमेरिकन धून बंद पडते त्या क्षणी हलगीचे खरे काम सुरू होते. खडाखडी चालू असता ती अंगाबरोबर राहते. एकाने पट काढला की चढते. कब्जा घेऊन दोघे निश्चल झाले की खाली उतरून नुसती धुमसते. आणि पाठ मातीला लागली रे लागली की फुटते. कुस्ती लागायच्या आधी वाजणारे आणि कुस्तीत वाजणारे असे दोन संगीत येथे नाहीतच. प्रवेश संपतच नाही. तो निकालापर्यंत चालतो.

म्हणून आमच्या मते हे प्रवेशसंगीत सर्वांत श्रेष्ठ. ध्वनिमुद्रित धून मल्लाविषयी जे सांगायचे ते महिन्यापूर्वी सांगून बसलेली असते. आज तो आजारातून उठून आला आहे की उपाशी, तिला गम्य नाही. हलगीवाल्याचे डोळे मल्लाच्या पायांवर असतात. शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकाने कुस्तीच्या धावत्या वर्णनाला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. पण शब्द डावाच्या मागून येतो, आणि हलगी पुष्कळदा डावाच्या आधी असते. काय होणार ते तिला क्षणभर अगोदर कळलेले असते, असा भास होतो.

दोष नाहीत असे नव्हे. हलगीला व्यक्ती नाही. रेवड्यांवरच्या कुस्तीतले पोर आणि शेवटच्या जोडीचा नामांकित मल्ल, दोघांनाही तोच ठेका. बारीक फरक आहेत, पण ते जाणत्यालाच कळतात. अंडरटेकरच्या टोल्याने जशी एका माणसाची ओळख पटते तशी येथे पटत नाही. आम्हांला मात्र या सारखेपणात एक प्रकारचा न्याय दिसतो. ज्यांना तो कंटाळवाणा वाटतो त्यांच्याशी आमचे भांडण नाही. दुसरा दोष अधिक खरा आहे: निवेदक, हलगी आणि भोंगे एकाच वेळी गर्जू लागले की तिन्ही व्यर्थ जातात, आणि हे आता वारंवार घडते.

कारण मातीवरून गादीवर येताना कुस्तीने वाद्ये बदलली. २०१५ मध्ये व्यावसायिक कुस्तीची अखिल भारतीय साखळी स्पर्धा निघाली. २०१६ मध्ये कुस्तीवरचे दोन हिंदी चित्रपट गाजले. आणि तेव्हापासून गादीच्या स्पर्धांत मल्ल धुराच्या लोटातून, रंगीत दिव्यांखालून, त्या चित्रपटांच्या गाण्यांवर येऊ लागला. या संगीताला आम्ही वाईट म्हणतो ते चित्रपटाचे म्हणून नव्हे. वाईट याचसाठी की, त्या गाण्यात नट मल्लाची नक्कल करतो, आणि येथे खरा मल्ल त्या नटाची नक्कल करीत आत येतो. ज्या पोराने पहाटे चारला उठून हजार बैठका काढल्या, त्याने कोणाची तरी प्रतिकृती म्हणून का यावे? खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीच्या गादीवर उतरले तेव्हा कसलीच धून वाजली नाही, आणि कांस्यपदकाला त्याने काही उणेपणा आला नाही. संगीत त्यांना परतल्यावर मिळाले. गोळेश्वरला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती.

तुर्कस्तानात एदिर्ने येथे तेल चोपडून खेळल्या जाणाऱ्या कुस्त्यांचा जो मोठा उत्सव भरतो, त्याची तुलना येथे उपकारक होईल. दावुल म्हणजे ढोल आणि झुर्ना म्हणजे आपल्या सनईची मोठ्या आवाजाची बहीण. ही वाद्ये सारा वेळ वाजतात. जाझगर नावाचा पुकारा करणारा प्रत्येक जोडीची पद्यात स्तुती व प्रार्थना करून तिला मैदानात सोडतो. मग मल्ल वाद्यांच्या लयीवर हात हलवीत, गुडघे टेकीत पुढे येतात. या विधीला पेश्रेव म्हणतात, आणि तुर्की अभिजात संगीतातील प्रारंभीच्या वाद्यरचनेलाही तेच नाव आहे. ‘पेशवा’ या आपल्या शब्दातला ‘पेश’ तोच. २०१० मध्ये युनेस्कोने या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्या यादीत मल्लांबरोबर वाजंत्रीही गेले, कारण तेथे वाजंत्र्यांवाचून कुस्तीची व्याख्याच होत नाही.

आपल्याकडे ती होते, हेच दुखणे आहे. हलगी वाजवणारा पिढ्यान्‌पिढ्या बहुधा मातंग समाजातला. त्याच्या वाद्यावर गावाची दवंडी झाली, लग्नाची वरात निघाली, मयत उचलले गेले आणि कुस्ती लागली. जोड फिरायची आत, तो उभा राहायचा कडेला. फेटा मल्लाला, मान वस्तादाला. आणि त्याच समाजातले लहुजी वस्ताद साळवे पुण्यात तालीम चालवीत होते, जोतीराव फुले त्या तालमीत शिकले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी हलगीवाल्याला आखाड्याबाहेरचा समजू नये. मैदानाच्या जाहिरातीत शंभर जोडांची नावे असतात, देणगीदारांची असतात, पंचांची असतात. हलगीसाठी बहुधा ‘हलगीच्या कडकडाटात’ एवढी सप्तमी विभक्ती पुरते. येथे पूजेच्या आधी सियालदह स्थानकासमोर ढाकी आपले ढाक घेऊन गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. देवीच्या आगमनाचे संगीत तेच, परंतु पूजामंडपाच्या फलकावर मूर्तिकाराचे नाव असते, मंडपकाराचे असते, ढाकीचे शोधावे लागते. दोन प्रांतांची या बाबतीत चांगली एकवाक्यता आहे.

या शहराचा कुस्तीशी संबंध नाही असे कोणी समजू नये. गोबर गुह यांनी १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अॅड सँटेलला हरवले. त्यांच्या आखाड्यात तरुणपणी मन्ना डे यांनी कुस्तीचे धडे घेतले, आणि त्यांच्या गळ्यातून पुढे मराठी गाणीही आपण ऐकली. मल्ल आणि गवई एकाच देहात राहू शकतात याला याहून जवळचा दाखला नको.

राहिला प्रश्न सर्वांत वाईट प्रवेशसंगीताचा. तो मान आम्ही होगनला देत नाही, धुराच्या लोटांनाही देत नाही. तो घरच्याच मैदानाचा आहे, आणि तीच हलगी तो मिळवते. कुस्ती ऐन रंगात असते, एकाने दुसऱ्याची मान दाबून पट धरलेला असतो, घुमके धुमसत असते. इतक्यात प्रवेशद्वाराशी मोटारींची रांग थांबते. निवेदक वाक्य अर्धे सोडून पदव्या वाचू लागतो. हलगीवाल्याच्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवतो, आणि तो नजर मल्लाच्या पायांवरून काढून पाहुण्यांच्या बुटांकडे वळवतो. तोच कडकडाट, तीच चढती लय. आत येणारा माणूस मात्र माती कपाळाला लावीत नाही. पंच जोडी सोडवतो. मग हार, मग नारळ, मग फेटे, मग दोन शब्द. आणि आखाड्यातले ते दोघे अंगावरचा घाम वाळवीत, कमरेवर हात ठेवून उभे असतात.