श्रेयांस की श्रेयांश?

गेल्या महिन्यात भाच्याच्या मुलाचं बारसं झालं. माझा थोरला भाऊ जाऊन दोन वर्षं झाली. त्याचंच नाव नातवाला ठेवायचं, हे घरात आधीपासून ठरलेलं. पाळणा म्हणून झाला, बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीवर धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. आणि मग माझी नजर पाळण्यामागच्या थर्माकोलच्या अक्षरांवर गेली. 'श्रेयांश'.

"अगं, दादाचं नाव श्रेयांस होतं. शेवटी स."

सूनबाई हसून म्हणाली, "आत्या, आता सगळे असंच लिहितात. अर्थ पण किती छान, श्रेयाचा अंश!"

भरल्या घरात वाद नको म्हणून गप्प बसले. इथं मात्र बोलते.

श्रेयस् म्हणजे अधिक चांगलं, अधिक कल्याणाचं. श्रेयांस हे त्याच शब्दाचं रूप. अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ, ज्यांचं लांछन गेंडा, त्यांचं हे नाव. यात 'अंश' कुठेच नाही. तो आला आजच्या नावांच्या रांगेतून: दिव्यांश, शिवांश, प्रियांश, रेयांश. शिवांशचा अर्थ तरी लागतो. रेयांश म्हणजे म्हणे सूर्याचा किरण! संस्कृतात किरणाला रश्मी आहे, मयूख आहे, अंशु आहे. 'रे' तर इंग्रजीतला. नवं नाव घडवायला माझी ना नाही, हौसेनं घडवा. पण जुनं, कमी घरांत असलेलं नाव ओढून त्याच रांगेत उभं केलं, की पूर्ण होतं त्याचा तुकडा होतो.

उच्चाराचं म्हणाल तर तिथं मी एवढी कडक नाही. आमच्या बेळगाव भागात राहून कडक होताच येत नाही. दादाचे कानडी मास्तर 'श्रेयाम्स' म्हणायचे, हंसाला 'हम्स' म्हणतात तसं. बँकेतले हिंदी साहेब 'श्रेयान्स'. आम्ही मराठी बोलणारे त्या अनुस्वारात नाकातला व मिसळतो. आणि आजी? ती शेवटपर्यंत 'सेंस' म्हणाली. "सेंस, गुरांना वैरण घातलीस काय रे?" आम्ही शाळेत जाणाऱ्या पोरी तिला हसायचो. पुढे स्वाध्यायाला बसू लागले तेव्हा कळलं, प्राकृतात हेच नाव 'सेयंस' आहे. संस्कृतातला श तिथं स होतो. म्हणजे अडाणी म्हणून जिला हसलो, तिची जीभ आगमाच्या जास्त जवळची! तेव्हापासून कुणी नाव वेगळं उच्चारलं की मी पटकन टोकत नाही. जीभ आपापल्या भाषेच्या वळणानं जाते, जाऊ दे.

लिहिण्याचं तसं नाही. लिहिताना अक्षर बदललं की अर्थ बदलतो आणि मागची गोष्टही सुटते. आदिनाथ भगवान आहारासाठी कित्येक महिने फिरत होते. लोक हत्ती, घोडे, रत्नं पुढे करत होते. मुनीला आहार कसा द्यायचा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. हस्तिनापुरात राजा सोमप्रभाचा धाकटा भाऊ श्रेयांस, त्याला मागच्या जन्मीचं आहारदान आठवलं आणि त्यानं विधीपूर्वक उसाचा रस दिला. ती अक्षय तृतीया. पहिला दाता म्हणून आपण ज्याचं नाव घेतो, त्याचं सगळं मोठेपण आठवण्यात आहे. ते नाव ठेवताना आपणच विसरावं?

दोष सूनबाईचा एकटीचा नाही. दादा सही इंग्रजीत करायचा, घरात सगळे त्याला 'अण्णा' म्हणायचे. त्याचं नाव मराठीत लिहिलेलं त्या पोरीनं कधी बघितलं असेल? मुलाबाळांना तीर्थंकरांची चोवीस नावं पाठ करून घेतली आपण, लिहून घेतली नाहीत.

जन्मदाखल्यावर बाळाचं नाव अजून चढायचं आहे. दादाच्या ट्रंकेत त्याची चौथीची कानडी-मराठी वही सापडली, पहिल्या पानावर दोन्ही लिपींत त्याच्याच हातानं लिहिलेलं नाव. स चांगला ठळक आहे. वही काल भाच्याकडे पाठवून दिली. चिठ्ठी काही जोडली नाही.